जुन्या मोजमाप-उपकरणांच्या पडद्यावरील आलेख संगणकात उतरवून घेताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील पॉलिटेक्निक व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, तसेच भुसावळ-वरणगाव पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलांवर जुने ऑसिलोस्कोप (व्होल्टेज काळानुसार कसे बदलते ते पडद्यावर दाखवणारे उपकरण) आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (सिग्नलमध्ये कोणत्या वारंवारता किती आहेत ते दाखवणारे उपकरण) आजही कामात आहेत. त्यांतील काही डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित होऊन लिलावात बाहेर येतात आणि एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या घरी पोहोचतात. मोजण्याच्या कामात ही उपकरणे कमी पडत नाहीत. अडचण येते ती पडद्यावर दिसलेला आलेख अहवालात घालण्याची वेळ आली म्हणजे. कारण बहुतेक जण तेव्हा मोबाइलने फोटो काढतात, आणि त्या फोटोत आलेखापेक्षा काचेवर पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंबच ठळक दिसते. वास्तविक १९८० आणि १९९० च्या दशकांतील डिजिटल उपकरणांना प्रिंटर किंवा प्लॉटर (पेनने कागदावर आलेख काढणारे यंत्र) जोडण्याची सोय निर्मात्यांनी सहसा दिलेली असे. त्या प्लॉटरच्या जागी आपला संगणक बसवायचा आणि कागदावर उतरणारी माहिती फाइलमध्ये उतरवायची, हाच या कामाचा गाभा आहे. उपकरणात सहसा काहीही बदल करावा लागत नाही, आणि त्याचे झाकणही उघडावे लागत नाही.

केबल जोडण्याआधी वीज आणि अर्थिंग

परदेशातून आलेल्या वापरलेल्या उपकरणाच्या मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याची पट्टी किंवा छोटे कार्ड असते, ते सर्वात आधी पाहावे. ते ११५ व्होल्टवर ठेवलेले असताना आपल्याकडील २३० व्होल्टचा पुरवठा दिला, तर पॉवर सप्लाय तत्क्षणी जळू शकतो. निवड बदलल्यावर फ्यूजही बदलावा लागतो, कारण २३० व्होल्टसाठी लागणाऱ्या फ्यूजचे अँपिअर मूल्य साधारण निम्मे असते. नेमका आकडा त्याच पट्टीजवळ छापलेला असतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि आपल्या भागात तिच्यावर जरा थांबायलाच हवे. अशा उपकरणाच्या वीजप्रवेशाशी एक फिल्टर असतो व त्यातील दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना बॉडीशी जोडतात. अर्थची तार तुटलेली असेल किंवा कोणी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकली असेल, तर बॉडीवर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट चढतात. प्रवाह अल्प असल्याने हाताला केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते आणि माणूस दुर्लक्ष करतो. पुढे डेटा केबल जोडली की हेच व्होल्टेज तिच्या वेष्टनातून लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टपर्यंत पोहोचते, आणि पोर्ट किंवा अ‍ॅडॉप्टर निकामी होतो. त्यामुळे सॉकेटमध्ये फेज ते अर्थ हे फेज ते न्यूट्रल इतकेच येते का, आणि न्यूट्रल ते अर्थ हे दोन-चार व्होल्टच्या आत आहे का, हे मल्टिमीटरने तपासावे. मात्र कमकुवत अर्थिंग असले तरी मल्टिमीटर २३० दाखवू शकतो. आपल्याकडील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातील माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. म्हणून खड्ड्यात नियमित पाणी घालावे, आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने उन्हाळ्यातच एकदा खात्री करून घ्यावी. संगणक आणि उपकरण एकाच सॉकेट-बोर्डावरून चालवावे, म्हणजे दोघांचे अर्थ वेगवेगळ्या पातळीवर राहत नाहीत.

याच संदर्भात एक इशारा देणे आवश्यक आहे. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची, म्हणजे मोजणीच्या तारेची, काळी क्लिप अर्थला जोडलेली असते, आणि डेटा केबल लावल्यानंतर तुमचा लॅपटॉपही तिच्याशी जोडला जातो. एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या, मेन्सकडील भागावर किंवा पंपाच्या पॅनेलमध्ये ती क्लिप लावल्यास शॉर्टसर्किट होते. लॅपटॉप बॅटरीवर आहे, म्हणून तो सुरक्षित आहे, असे मानू नये. अशा मोजणीसाठी तपासायच्या वस्तूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून विलग करणारा) लावावा किंवा डिफरेन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरावा. ऑसिलोस्कोपचा अर्थ काढणे हा उपाय नव्हे.

मागची बाजू वाचणे

आता उपकरण भिंतीपासून ओढून मागची बाजू पाहावी. ९ किंवा २५ पिनांचा डी-आकाराचा कनेक्टर आणि त्याशेजारी ‘आरएस-२३२’ असे लिहिलेले असेल, तर तो सिरियल पोर्ट होय. दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला २४ संपर्कांचा रुंद कनेक्टर असेल आणि त्याजवळ जीपीआयबी, एचपी-आयबी किंवा आयईईई-४८८ असे लिहिलेले असेल, तर तिन्ही नावे एकाच गोष्टीची आहेत, हे ध्यानात घ्यावे. ‘सेंट्रॉनिक्स’ किंवा ‘पॅरलल’ असे लिहिलेला २५ भोकांचा कनेक्टर हा प्रिंटरचा पोर्ट असतो. यांपैकी काहीच नसेल आणि पुढच्या बाजूला फ्लॉपीची खाच असेल, तर तोही एक मार्ग आहे. कॉलेजांत दिसणाऱ्या साध्या अ‍ॅनालॉग सीआरओंना (कॅथोड-रे ऑसिलोस्कोपना) यांतले काहीच नसते. त्यांच्यासाठी कॅमेराच वापरावा लागतो आणि तो नीट कसा वापरायचा, ते पुढे दिले आहे.

सिरियल पोर्टचा मार्ग

नवशिक्याने शक्य असल्यास इथूनच सुरुवात करावी, कारण खर्च सर्वात कमी येतो. यूएसबी-ते-सिरियल केबल जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मागितली तर मिळू शकते. मात्र ती आरएस-२३२ पातळीची आहे ना, हे दुकानातच विचारून घ्यावे. आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी विकले जाणारे पाच व्होल्टचे छोटे यूएसबी-सिरियल मॉड्यूल इथे चालत नाही. आरएस-२३२ मध्ये रेषेवर उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत व्होल्टेज असू शकते, आणि त्यामुळे ते मॉड्यूल जळते.

उदाहरणादाखल टेक्ट्रॉनिक्सचा टीडीएस २१० हा डिजिटल ऑसिलोस्कोप घेऊ. त्याच्या मागे टीडीएस२सीएम हे जोड-मॉड्यूल लावलेले असेल, तर त्यावर ९ पिनांचा नर कनेक्टर असतो. संगणकाकडील केबलचे टोकही नर असते, म्हणून मध्ये दोन्ही टोकांना मादी कनेक्टर असलेली नल मॉडेम केबल लागते. ती स्वतः बनवायची झाल्यास एका टोकाची २ क्रमांकाची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ ला आणि ३ ची २ ला जोडावी, ७ ची ८ ला आणि ८ ची ७ ला जोडावी, आणि ५ सरळ ५ ला न्यावी. ७ आणि ८ च्या तारा गाळण्याचा मोह होतो, पण त्या ‘थांब’ आणि ‘पुढे चल’ हे सांगणाऱ्या तारा आहेत. त्या नसल्या तर लांब फाइलमधले काही बाइट वाटेतच गळतात.

ऑसिलोस्कोपच्या युटिलिटी मेनूत आरएस-२३२ ची मांडणी उघडून वेग ९६०० बॉड (इथे सेकंदाला तेवढे बिट), पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही आणि फ्लो कंट्रोल हार्डवेअरचे, म्हणजे ‘हार्ड फ्लॅगिंग’, असे ठेवावे. संगणकाच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्येही (पोर्टवर येणारी माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नेमके तेच ठेवावे. सॉफ्टवेअरचे फ्लो कंट्रोल, म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ, चित्राच्या फाइलसाठी वापरू नये, कारण ते १७ आणि १९ या मूल्यांचे बाइट ‘सुरू’ व ‘थांब’ असे आदेश समजून गिळून टाकते. चित्रात हे बाइट सहज येतात आणि मग फाइल मध्येच तिरकी सरकलेली दिसते. त्यानंतर हार्डकॉपीच्या, म्हणजे पडद्याची प्रत बाहेर पाठवण्याच्या, मांडणीत पोर्ट आरएस-२३२ आणि फॉरमॅट बीएमपी निवडावा.

विंडोजवर रिअलटर्म या प्रोग्रॅममध्ये ‘कॅप्चर’ या भागात फाइलचे नाव देऊन आधी नोंद सुरू करावी, आणि मगच ऑसिलोस्कोपवरील हार्डकॉपीचे बटण दाबावे. बाइटची संख्या वाढताना दिसते. त्या संख्येकडे जाणीवपूर्वक पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. या ऑसिलोस्कोपचा पडदा ३२० बाय २४० बिंदूंचा आहे. एका बिंदूला एक बिट धरला, तर न दाबलेले एकरंगी चित्र ९,६०० बाइटांचे आणि वर थोडा मथळा असे होते. ९६०० बॉडवर एका बाइटसाठी सुरुवातीचा व शेवटचा धरून दहा बिट खर्ची पडतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट येतात. त्या हिशेबाने असे चित्र यायला दहा सेकंद लागतात. तीन सेकंदांत सारे थांबले, तर फाइल उघडून पाहण्यापूर्वीच ती अपुरी आहे हे कळते, आणि दोष केबलच्या ७-८ पिनांत किंवा फ्लो कंट्रोलमध्ये शोधावा हेही कळते.

जीपीआयबीचा मार्ग

चांगल्या दर्जाची बहुतेक जुनी उपकरणे या मार्गाने बोलतात. ही पद्धत ह्युलेट-पॅकार्डने १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली, आणि १९७५ मध्ये ती आयईईई-४८८ या नावाने प्रमाणित झाली. एका केबलवर आठ तारा माहितीसाठी, तीन देवाणघेवाणीच्या तालासाठी आणि पाच नियंत्रणासाठी असतात. जास्तीत जास्त पंधरा उपकरणे एकत्र जोडता येतात, आणि प्रत्येकाला ० ते ३० मधला एक पत्ता असतो. कोणत्याही क्षणी एक उपकरण बोलते, बाकीची ऐकतात, आणि कोणी बोलायचे हे कंट्रोलर ठरवतो.

संगणकाला हे समजावे म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो. प्रोलॉजिक्सचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर सर्वपरिचित आहे, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा मार्ग म्हणजे एआर४८८ हा मुक्त-स्रोत प्रकल्प. त्यात आर्डुइनो उनो, नॅनो किंवा मेगा वापरून असाच अ‍ॅडॉप्टर घरी बनवता येतो, आणि तो प्रोलॉजिक्सचेच आदेश ओळखतो. आर्डुइनोच्या पिना थेट तारांना जोडल्या, तर एक-दोन उपकरणे आणि आखूड केबल एवढेच झेपते; अनेक उपकरणे जोडायची असतील, तर एसएन७५१६० आणि एसएन७५१६१ या बसचालक आयसी मध्ये घालाव्यात. कनेक्टर लावताना उपकरण बंद असावे. कनेक्टरचे स्क्रू काळे असतील तर ते मेट्रिक आट्याचे आणि चंदेरी असतील तर जुन्या इंची आटे असलेले असतात. काळ्यावर चंदेरी पिळून बसवला, तर आटे कायमचे खराब होतात.

नवशिक्या इथे ज्या ठिकाणी अडतो, ते ठिकाण बहुधा एकच असते: कंट्रोलर कोण, हे त्याने ठरवलेले नसते. उपकरणावरचे ‘प्लॉट’ किंवा ‘कॉपी’चे बटण दाबून आलेख मिळवायचा असेल, तर उपकरण स्वतः कंट्रोलर बनते किंवा ‘टॉक ओन्ली’ स्थितीत नुसते बोलत सुटते, आणि आपल्या अ‍ॅडॉप्टरने प्लॉटरचे सोंग घेऊन गुपचूप ऐकायचे असते. याउलट संगणकावरून विचारून माहिती मिळवायची असेल, तर अ‍ॅडॉप्टर कंट्रोलर असतो आणि उपकरण उत्तर देते. एकाच केबलवर दोन कंट्रोलर झाले, की दोघेही गप्प बसतात किंवा उपकरण त्रुटीचा संदेश देते.

पहिल्या पद्धतीसाठी टर्मिनलमध्ये पुढील आदेश द्यावेत. इथे ते देवनागरीत लिहिले आहेत, टंकताना इंग्रजी लिपीतच टंकावेत. प्रथम ‘++मोड ०’ देऊन अ‍ॅडॉप्टरला साधे उपकरण करावे, मग ‘++अ‍ॅडर ५’ देऊन प्लॉटरचा पत्ता द्यावा. ह्युलेट-पॅकार्डच्या उपकरणांत प्लॉटरचा पत्ता सहसा ५ आणि प्रिंटरचा १ धरलेला असतो. उपकरण टॉक ओन्ली स्थितीत असेल, तर पत्त्याऐवजी ‘++एलओएन १’ देऊन सगळेच ऐकावे. नंतर नोंद सुरू करून उपकरणावरचे बटण दाबावे. पडद्यावर ‘आयएन’, ‘एसपी’, ‘पीयू’, ‘पीडी’, ‘पीए’ अशा दोन-दोन अक्षरांचे तुकडे व त्यांमागे आकडे धावू लागले, म्हणजे काम जमले. ही एचपी-जीएल नावाची प्लॉटरची भाषा आहे. पीयू म्हणजे पेन उचल, पीडी म्हणजे पेन टेकव, आणि आकडे म्हणजे कागदावरील जागा. त्यांचे एकक ०.०२५ मिलिमीटर असते. हे एकदा कळले, की पाच-दहा ओळी नुसत्या वाचूनही आलेखाची चौकट ओळखता येते, आणि तो आनंद प्रत्येक नवशिक्याने एकदा तरी घ्यावा.

काही उपकरणे प्लॉट पाठवण्याआधी प्लॉटरला त्याच्या कागदाच्या कोपऱ्यांची जागा विचारतात आणि उत्तर येईपर्यंत अडून राहतात. नुसत्या ऐकणाऱ्या अ‍ॅडॉप्टरकडे ते उत्तर नसते. अशा वेळी टॉक ओन्ली स्थिती उपलब्ध आहे का, ते पाहावे. नसेल, तर जॉन माइल्स यांच्या जीपीआयबी टूलकिटमधील ‘७४७०’ हा विंडोजवरचा विनामूल्य प्रोग्रॅम वापरावा. तो ह्युलेट-पॅकार्डच्या ७४७०ए या प्लॉटरचीच भूमिका घेतो आणि आलेख थेट पडद्यावर काढून दाखवतो. खरे तर ओळखीच्या नमुन्याचे उपकरण असेल, तर सुरुवातच या प्रोग्रॅमपासून करावी. हाताने आदेश देण्याची पद्धत त्यामागचे काम समजण्यासाठी आणि अडल्यावर दोष शोधण्यासाठी उपयोगी पडते.

दुसऱ्या पद्धतीत ‘++मोड १’ देऊन अ‍ॅडॉप्टरला कंट्रोलर करावे, उपकरणाचा पत्ता द्यावा, आणि प्रथम ओळख विचारावी. नव्या उपकरणांत त्यासाठी तारांकन, आयडीएन आणि प्रश्नचिन्ह असा आदेश असतो. पण तो १९८७ च्या ४८८.२ या सुधारित प्रमाणातून आला, त्यामुळे त्यापूर्वीचे उपकरण त्यावर गप्प राहिले, तर ते बिघडले आहे असे समजू नये. ‘आयडी’ एवढेच विचारल्यावर उत्तर देणारी उपकरणेही अनेक आहेत. मोठा आलेख वाचताना थांबण्याची मुदत वाढवून ठेवावी, कारण जुना प्रोसेसर चौकट काढून झाल्यावर क्षणभर थांबतो आणि घाईतला प्रोग्रॅम तिथेच फाइल बंद करतो.

फ्लॉपी, प्रिंटर पोर्ट आणि व्हिडिओ

फ्लॉपीचा मार्ग सोपा दिसतो, पण सरकी-कापसाच्या जिनिंगचे तंतू आणि उन्हाळ्यातली धूळ ज्या भागात आहे, तिथे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय त्यावर विसंबू नये. ह्युलेट-पॅकार्डची काही उपकरणे डॉसऐवजी एलआयएफ या स्वतःच्या पद्धतीने फ्लॉपी लिहितात. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले, तर नाही म्हणावे आणि लिनक्सवर फ्लॉपीची संपूर्ण प्रत काढून घ्यावी. ड्राइव्हच मेलेला असेल, तर गोटेक हा पेन ड्राइव्ह वापरणारा पर्याय पुष्कळ उपकरणांत बसतो.

प्रिंटर पोर्टच्या बाबतीत एकच गोष्ट सांगायची आहे: बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल केबल संगणकाकडून प्रिंटरकडे जाण्यासाठी असते, ती उलट दिशेने माहिती घेऊ शकत नाही. त्यासाठी प्रिंटरचे सोंग घेणारे आर्डुइनोवरचे सर्किट बनवावे लागते. आरएस-२३२ किंवा जीपीआयबी असताना या वाटेला जाऊ नये. मागे व्हीजीएचा कनेक्टर असलेल्या उपकरणांचे चित्र कॅप्चर कार्डने घेता येते, पण त्यातून मिळते ते केवळ चित्र.

अ‍ॅनालॉग सीआरओसाठी कॅमेरा

खोलीत अंधार करावा. काळ्या कार्डशीटची नळी करून ती पडद्याभोवती बसवली, तर दिवसाही काम होते. मोबाइल हातात न धरता ट्रायपॉडवर, पडद्याच्या मधोमध आणि अगदी समांतर ठेवावा. तो जवळ नेण्याऐवजी दोन-तीन फूट मागे ठेवून झूम केल्यास काचेवरची चौकट आणि आतला आलेख यांच्यातील सरक कमी होते. तीव्रता नेहमीपेक्षा कमी आणि फोकस बारीक ठेवावा, चौकटीचा दिवा जेमतेम दिसेल इतका लावावा. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरची वेळ किमान एका पूर्ण स्वीपइतकी, म्हणजे बिंदू पडदाभर एकदा फिरायला लागणाऱ्या वेळेइतकी, असावी. ५ मिलिसेकंद प्रति भाग असताना दहा भागांना ५० मिलिसेकंद लागतात. अशा वेळी १/१०० सेकंदाच्या शटरमध्ये आलेखाचा एक तुकडाच येईल, म्हणून १/१० किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा.

चित्रापेक्षा आकडे

ज्या उपकरणातून आकडे मिळू शकतात, त्याच्याकडून केवळ चित्र घेऊन थांबू नये, असे माझे ठाम मत आहे. टीडीएस २१० चा पडदा ३२० बिंदू रुंद आहे, पण त्याच्या मेमरीत एका चॅनेलची २,५०० बिंदूंची नोंद असते. ‘कर्व्ह?’ हा आदेश दिल्यावर ती मिळते. मात्र हे आकडे व्होल्ट नसतात. त्यासोबत ‘डब्ल्यूएफएमप्री?’ विचारून शून्याची जागा आणि एका पायरीचे मूल्य घ्यावे; मिळालेल्या आकड्यातून शून्याची जागा वजा करून पायरीच्या मूल्याने गुणले, की व्होल्ट मिळतात. ह्युलेट-पॅकार्डच्या ८५९० मालिकेतील स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर एका आलेखाचे ४०१ बिंदू देतात. हे सारे लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमध्ये घालून आलेख पुन्हा काढता येतो, आणि दोन वर्षांनी त्याच इन्व्हर्टरचा नवा आलेख त्यावर ठेवून तुलनाही करता येते. फोटोवर हे होत नाही.

फाइल जपणे

आलेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, आणि रूपांतर तिच्या प्रतीवर करावे. एचपी-जीएलची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नये, कारण त्या भाषेत प्रत्येक मजकुराचा शेवट ३ क्रमांकाच्या अदृश्य चिन्हाने होतो. ते चिन्ह गळले, तर त्यापुढचे सगळे आदेश आलेख न बनता मजकूर म्हणूनच उमटतात. रूपांतरासाठी एचपी२एक्सएक्स हा मुक्त प्रोग्रॅम आहे, आणि इंकस्केपमध्येही अशी फाइल उघडते. बीएमपी, पीसीएक्स व टीआयएफएफ या फाइल गिंपमध्ये उघडतात, तर लेझरजेटसाठी पाठवलेली पीसीएल फाइल घोस्टपीसीएलने वाचता येते. अहवालात घालायची प्रत पीएनजीमध्ये करावी. जेपीजीमध्ये बारीक रेषांभोवती डाग पडतात.

फाइलच्या नावात तारीख, उपकरण आणि काय मोजले ते लिहावे, आणि सोबतच्या वहीत किंवा टेक्स्ट फाइलमध्ये प्रोबवरचा १ पट-१० पट स्विच कुठे होता, याची नोंद करावी. पुष्कळ जुन्या उपकरणांना तो स्विच कळत नाही. पडद्यावर २ व्होल्ट दिसत असले तरी सर्किटवर २० व्होल्ट असू शकतात, आणि फाइलमध्येही २ च लिहिलेले असतील.